पोचट दाणे आणि रिकामे परागकण: बिघाड नेमका कुठल्या टप्प्यावर झाला ते कसं ओळखायचं?

अर्धसूत्री

लोंबी पोचट निघाली की "झाड वंध्य आहे" असं म्हणून विषय मिटवला जातो. पण दाणा न भरण्याची निदान चार कारणं असू शकतात. मादी बाजू बिघडलेली असेल, परागण झालंच नसेल, फलन होऊनही दाणा पुढे पोसला गेला नसेल, किंवा परागकणच नासके असतील. हा धागा फक्त शेवटच्या कारणासाठी आहे. त्यातही "परागकण नासके" हे उत्तर अर्धंच. ते कुठल्या टप्प्यावर नासले हे कळलं की कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं, आणि उपाय कारणावर अवलंबून असतो.

आधी टप्पे. परागकोशाच्या भिंतीला बाहेरून आत चार थर असतात: बाह्यत्वचा, अंतःस्तर, मधला थर आणि सगळ्यात आत टॅपेटम. आतल्या परागमातृपेशींचं अर्धसूत्री विभाजन होऊन चार-चार पेशींची चतुष्कं तयार होतात. प्रत्येक चतुष्क कॅलोज नावाच्या पदार्थाच्या वेष्टनात असतं. टॅपेटम कॅलेज नावाचं विकर सोडतं, वेष्टन विरघळतं आणि लघुबीजाणू (पुढे ज्यांचे परागकण होतात त्या पेशी) सुटे होतात. पुढे त्यांच्यात मोठी रिक्तिका तयार होते आणि केंद्रक कडेला सरकतं. मग पहिलं समविभाजन होतं. तृणधान्यांत दुसरं विभाजनही परागकोशातच उरकतं आणि शेवटी कणात स्टार्च भरतो.

टॅपेटम ही परागकणांची दाई. अन्न, कॅलेज, कणाच्या कवचाला लागणारा माल, सगळं तिच्याकडून येतं, आणि काम झालं की ती ठरल्या वेळी मरते. ती लवकर मेली तर लघुबीजाणू उपाशी राहतात. मरायच्या वेळी न मरता फुगत राहिली तर त्यांना चिरडते. कॅलेज वेळेआधी सुटलं तरी विभाजन पुरं होण्याआधीच वेष्टन जातं आणि पेशी मोडतात. पेटुनियाच्या काही नरवंध्य वाणांत नेमकं हेच दिसलं आहे. नरवंध्यत्वाचे बरेचसे प्रकार या एका थराच्या वेळापत्रकाशी येऊन ठेपतात.

लोंबी

छान मांडणी. भाताची तपासणी कशी करायची ते लिहिते, कारण चुका तिथेच होतात.

लोंबी पोटरीतून बाहेर आलेली, पण फुलं अजून उमललेली नाहीत अशी घ्यावी. सकाळी, फुलं उघडायच्या आधी. वरच्या भागातली ८-१० फुलं काढून ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवली तर नंतर सवडीनेही पाहता येतात. उमललेलं फूल घेऊ नका. परागकोश फुटून चांगले कण गळून गेलेले असतात आणि मागे राहिलेल्यांवरून चुकीचा आकडा निघतो.

आयोडीनचं द्रावण: आधी २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्याशा पाण्यात विरघळवा, मग त्यात १ ग्रॅम आयोडीन घाला, आणि सगळं विरघळल्यावर पाणी घालून १०० मिली करा. क्रम उलटा केला तर आयोडीन तळाशी बसतं, कारण नुसत्या पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. अशा द्रावणाचा रंग फिका येतो आणि चांगले कणही वंध्य म्हणून मोजले जातात. बाटली तपकिरी हवी.

भाताच्या फुलात ६ परागकोश असतात. ५-६ फुलांतले परागकोश एकाच थेंबात घ्या, सुईने फोडा, भिंतीचे तुकडे उचलून टाका, कव्हरस्लिप ठेवा. १० पटीच्या वस्तुभिंगाखाली निदान तीन ठिकाणी मोजून एकूण ३०० कण तरी व्हावेत. कव्हरस्लिपच्या फक्त मध्यावर मोजू नका. हलके, रिकामे कण द्रवाबरोबर कडेला सरकतात आणि मध्यभाग उगाच निरोगी दिसतो.

आता काय दिसतं ते. गोल आणि गडद काळे-निळे कण म्हणजे स्टार्च भरलेले. वेडेवाकडे, चुरगळलेले आणि बिनरंगी म्हणजे लवकर मेलेले, एककेंद्रकी अवस्थेच्या आसपासचे. गोल पण बिनरंगी म्हणजे द्विकेंद्रकी अवस्थेपर्यंत पोचून थांबलेले. आणि गोल पण अर्धवट किंवा फिकट रंगलेले म्हणजे अगदी शेवटी, त्रिकेंद्रकी अवस्थेत बिघडलेले. चारही रकाने वेगळे मोजा. "वंध्य इतके टक्के" एवढाच एक आकडा लिहिला तर टप्प्याची सगळी माहिती वाया जाते.

मोहर

@लोंबी, ही पद्धत मोहरी किंवा सूर्यफुलाला तशीच लावता येईल का?

लोंबी

नाही. त्यांच्या पक्व परागकणांत साठा मुख्यतः तेलाचा असतो, स्टार्चचा नाही. आयोडीनमध्ये चांगले कणही फिके दिसतील आणि निरोगी झाड वंध्य ठरेल. तिथे अॅसिटोकार्मिन वापरा. ४५ टक्के अॅसिटिक अॅसिडच्या १०० मिलीत १ ग्रॅम कार्मिन मंद उकळवून, थंड करून गाळून घ्यायचं. जिवंत पेशीद्रव्य असलेला कण लाल होतो, रिकामा कण नुसतं कवच दाखवतो. अलेक्झांडरचं रंजकही उत्तम: मॅलाकाइट ग्रीन कवचाला हिरवं करतं, अॅसिड फ्युक्सिन आतल्या पेशीद्रव्याला किरमिजी. नुसता हिरवा दिसला की तो कण पोकळ.

कुक्षी

इथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. रंग चढला म्हणजे कण जिवंत आहे असं नाही. रंग सांगतो की आत माल आहे, तो रुजेल की नाही ते सांगत नाही. उन्हाने मेलेला कणही आयोडीनमध्ये मस्त काळा दिसतो.

खरी परीक्षा रुजवण्याची. ब्र्यूबेकर आणि क्वॅक यांचं माध्यम बऱ्याच पिकांना चालतं: १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम साखर, १०० मिलिग्रॅम बोरिक अॅसिड, ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, २०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, १०० मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट. साखरेचं प्रमाण पिकागणिक बदलावं लागतं. साखर कमी पडली तर नळ्या फुटतात, जास्त झाली तर कण आक्रसतात. नळी कणाच्या व्यासापेक्षा लांब झाली तरच "रुजला" म्हणायचं.

तृणधान्यांचे कण मात्र माध्यमात नीट रुजत नाहीत आणि फार थोडा वेळ जगतात. त्यामुळे तिथे पिशवीची चाचणी बरी. निसवताना, पहिलं फूल उमलण्याआधी लोंबीवर बटर पेपरची पिशवी चढवा आणि तीन आठवड्यांनी भरलेले व पोचट दाणे मोजा. शेजारच्या दोन-चार लोंब्यांना पिशवी न घालता निरोगी झाडाचे परागकण द्या. पिशवीतली पोचट आणि हाताने पराग दिलेली भरलेली, म्हणजे दोष नक्की नराचा. दोन्ही पोचट निघाल्या तर मादी तपासा.

ओंबी

एखादा वाण नरवंध्य आहे असा निष्कर्ष काढण्याआधी हवामान आणि जमीन बाजूला काढायला हवी. हे फार वेळा राहून जातं आणि चांगल्या वाणावर ठपका बसतो.

भातात थंडीचा सगळ्यात नाजूक काळ चतुष्कं सुटी झाल्यानंतरचा, म्हणजे निसवण्याआधी साधारण १०-१२ दिवस. बाहेरून ओळखायचं तर ध्वजपानाचं (सगळ्यात वरच्या पानाचं) कान, म्हणजे पातं आणि आवरण जुळतात तिथला भाग, आणि त्याखालच्या पानाचं कान एका पातळीला आलेले असतात. त्या वेळी थंडी पडली की टॅपेटम फुगतं आणि लघुबीजाणू मरतात. नत्र जास्त दिलेलं पीक आणखी बळी पडतं. उपाय साधा आहे. त्या आठवड्यात शेतात १५-२० सेंटिमीटर पाणी उभं ठेवायचं. वाढती लोंबी अजून खाली खोडात असते, ती पाण्याच्या उबेत राहते. थंडी येऊन गेल्यावर पाणी वाढवून उपयोग नाही.

उष्णतेचा मार वेगळा. फुलं उमलण्याच्या तासाला तापमान ३५ अंशांच्या वर गेलं तर कण भरलेले असूनही परागकोश नीट फुटत नाहीत. स्लाइडवर सगळं काळंभोर दिसतं, पण कुक्षीवर कण मोजकेच. इथे परागकण-विकासाचा दोष नाही, तरी बाहेरून लोंबी तशीच पोचट.

गव्हात पाण्याचा ताण अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी आला तर परागकोशात शर्करा फोडणाऱ्या इन्व्हर्टेज विकराचं काम मंदावतं आणि कणात स्टार्च भरत नाही. मादी बाजू शाबूत राहते. नंतर पाणी दिलं तरी ते परागकण सावरत नाहीत.

आणि बोरॉन. गव्हात बोरॉन कमी पडलं तर पानांवर काही दिसत नाही, पीक हिरवंगार उभं असतं, आणि ओंब्या मात्र रिकाम्या. परागकोश लहान, सुकलेले, कणांत स्टार्च नाही. शेतात उभं राहून पाहायची खूण: फलन न झालेल्या फुलांची तुसं उघडीच राहतात, ओंबी प्रकाशाविरुद्ध धरली की आरपार उजेड दिसतो. गव्हात बोरॉन जुन्या पानांतून नव्या अवयवांकडे फारसं सरकत नाही, म्हणून पुरवठा ऐन विकासाच्या वेळी हवा. जमिनीतून हेक्टरी १ किलो बोरॉन द्यायचं तर सुमारे ९ किलो बोरॅक्स लागतं. अंदाजाने जास्त टाकू नका, बोरॉनची कमतरता आणि विषबाधा यांत अंतर थोडं असतं. तांब्याच्या कमतरतेनेही गव्हाचे परागकण असेच वंध्य होतात, तेव्हा मातीपरीक्षणात दोन्ही पाहा.

मोहर

आणि बरोबर निम्मेच कण खराब दिसले तर? हा आकडा वारंवार येतो.

अर्धसूत्री

५० टक्के हा आकडा फार बोलका आहे. इथे मुद्दाम सविस्तर लिहितो.

एक शक्यता गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल. अशा विषमयुग्मी (जोडीतला एक संच बदललेला, एक मूळचा) झाडात साधारण निम्म्या पेशींना अपुरा संच मिळतो. तो परागकणांनाही मिळतो आणि बीजांडांनाही. म्हणजे परागकण निम्मे खराब आणि दाणेही निम्म्याच्या आसपास.

दुसरी शक्यता भाताच्या बीटी प्रकारच्या, नरवंध्यत्व आणणाऱ्या पेशीद्रव्याची (बीटी कापसाशी याचा संबंध नाही). इथे परागकणाचं भवितव्य त्याच्या स्वतःच्या जनुकावर ठरतं. संकरात पुनर्स्थापक जनुक (परागकणांची सुपीकता परत आणणारं) एकाच बाजूने आलेलं असल्याने निम्म्या कणांना ते मिळतं, ते भरतात. उरलेले शेवटच्या टप्प्यात बिघडतात. पण बीजांडांना काही होत नाही आणि उरलेले निम्मे कण परागणाला भरपूर पुरतात, त्यामुळे दाणे पूर्ण भरतात.

म्हणून स्लाइड आणि लोंबी एकत्र वाचायची. निम्मे कण खराब आणि लोंबी भरलेली दिसली तर बीटी संकर. दोन्ही निम्मे असतील तर गुणसूत्रं तपासा. डब्ल्यूए या भाताच्या दुसऱ्या नरवंध्य पेशीद्रव्य-प्रकारात मात्र परागकणाचं नशीब मातृवनस्पतीच्या जनुकांवर, टॅपेटमसकट, ठरतं. तिथे चांगल्या पुनर्स्थापकाच्या संकरात जवळजवळ सगळे कण भरलेले दिसायला हवेत. ही मोजपट्टी बीटीला लावली की चांगला पुनर्स्थापक "अर्धवट" म्हणून फेकला जातो. असं होऊ नये अशी मनापासून विनंती.

गुणसूत्रं पाहायची तर कोवळी लोंबी पोटरीतच असताना घ्या. ३ भाग अल्कोहोल आणि १ भाग अॅसिटिक अॅसिड, त्यात २४ तास, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. परागकोश अॅसिटोकार्मिनमध्ये लोखंडी सुईने दाबा, लोखंडाच्या अंशाने रंग गडद होतो. मागे रेंगाळणारी गुणसूत्रं, दोन ध्रुवांमधले पूल, चतुष्कात जादा छोटी केंद्रकं, यांतलं काही दिसलं तर बिघाड विभाजनातच आहे. त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या) झाडात हे हमखास दिसतं. बिनबियांच्या कलिंगडाला म्हणूनच शेजारी द्विगुणित परागदाता लावावा लागतो. त्याचे स्वतःचे परागकण कामाचे नसतात.

तंतुकणिका

पेशीद्रव्यी नरवंध्यत्वाची यंत्रणा थोडक्यात. दोष तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) जनुकसंचात असतो. तिथे तुकडे उलटसुलट जोडले जाऊन एखादं नवंच जनुक तयार होतं. तंतुकणिका आईकडून येतात, म्हणून वंध्यत्वही आईकडून. पुनर्स्थापक जनुकं केंद्रकात असतात, आणि त्यांतली बरीच पीपीआर नावाच्या कुळातली प्रथिनं बनवतात, जी त्या नव्या जनुकाचा संदेश निकामी करतात.

डब्ल्यूए भातात हे जनुक डब्ल्यूए३५२. त्याचं प्रथिन टॅपेटममध्ये साठतं, कॉक्स११ या प्रथिनाला जाऊन चिकटतं, आणि टॅपेटम वेळेआधी मरतं. कण चुरगळलेले आणि बिनरंगी का दिसतात ते इथे कळतं. हे पेशीद्रव्य १९७० साली चीनच्या हायनान बेटावर सापडलेल्या एका रानटी भाताच्या झाडातून आलं. सूर्यफुलात पीईटी१ पेशीद्रव्य लक्लेर यांनी १९६९ साली दुसऱ्या रानटी जातीशी संकर करून मिळवलं, तिथेही टॅपेटम अकाली मरतं.

मक्याच्या टेक्सास पेशीद्रव्याचा धडा विसरू नये. टी-युआरएफ१३ हे १३ किलोडाल्टनचं प्रथिन तंतुकणिकेच्या आतल्या पटलात बसतं. ते परागकण मारतं ते मारतंच, शिवाय बायपोलॅरिस मेडिस बुरशीच्या 'टी' वंशाचं विष त्याला चिकटून पटलाला भोकं पाडतं. १९७० साली अमेरिकेत मक्याचं बहुतांश संकरित बियाणं याच एका पेशीद्रव्यावर होतं, आणि जवळपास १५ टक्के पीक गेलं. एकाच पेशीद्रव्यावर सगळा पसारा उभा करणं धोक्याचं आहे.

बीजगुणन

आता शेतावरचं. ए ओळ म्हणजे नरवंध्य मादी, बी ओळ म्हणजे तिचा संधारक (केंद्रक तेच, पेशीद्रव्य सुपीक), आर ओळ म्हणजे पुनर्स्थापक. ए ओळीत पराग सांडणारी झाडं दिसली की ती बहुतेक वेळा बी ओळीची यांत्रिक भेसळ असते. दोन्ही ओळी दिसायला सारख्याच, म्हणून फुलोऱ्याआधी ओळखू येत नाहीत. रोज सकाळी फेरी मारून परागकोश पाहावे लागतात: भातात वंध्य झाडाचे पांढुरके आणि बारीक, सुपीक झाडाचे पिवळे आणि फुगीर. झाड मुळासकट उपटून शेताबाहेर न्या. नुसती लोंबी खुडली तर खालून फुटवे येऊन पुन्हा पराग सांडतात.

कांद्यात एका गोंड्यातली फुलं कित्येक दिवस टप्प्याटप्प्याने उमलतात. एका फेरीत काम संपत नाही.

डब्ल्यूएच्या ए ओळीत आणखी एक अडचण: लोंबी ध्वजपानाच्या आवरणातून पूर्ण बाहेर येत नाही, खालची फुलं आतच अडकतात. त्यासाठी जिबरेलिक अॅसिड हे वाढीचं संप्रेरक. ते पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळायचं. ५ ते १० टक्के लोंब्या दिसू लागल्या की पहिली फवारणी, मग एक-दोन दिवसांत दुसरी, मिळून हेक्टरी ४५ ते ६० ग्रॅम. उशीर झाला तर देठ लांबत नाही, पैसा मात्र जातो.

बाजरी आणि ज्वारीत अरगट या बुरशीजन्य रोगाकडे लक्ष हवं. बुरशी न परागलेल्या कुक्षीतून शिरते. पराग पडला की कुक्षी सुकते आणि वाट बंद होते. नर ओळ फुलोऱ्यात मागे पडली की मादी ओळीच्या कुक्षी दिवसेंदिवस उघड्या राहतात आणि कणसांवर चिकट मधासारखे थेंब दिसू लागतात. दोन्ही ओळींचा फुलोरा जुळवणं हा तिथला पहिला बचाव, औषध नंतर.

मोहर

आणि जनुकीय नरवंध्यत्व? त्याला संधारक ओळ नाही म्हणतात.

अर्धसूत्री

खरं आहे. अप्रभावी जनुक असेल तर वंध्य झाडाला विषमयुग्मी सुपीक भावंडाचा पराग द्यावा लागतो, आणि पुढच्या पिढीत निम्मी झाडं सुपीक निघतात. ती फुलोऱ्यात ओळखून उपटायची, तोवर खत-पाणी खाऊन झालेलं असतं. म्हणून रोपावस्थेतली खूण मोलाची. टोमॅटोत एमएस१० या नरवंध्यत्वाच्या जनुकाला अगदी लागून एए हे जनुक आहे, ज्यामुळे खोडाला जांभळी झाक येत नाही. हिरव्या खोडाची रोपं ठेवा, जांभळी काढा. बार्नेज-बारस्टार पद्धतीत (१९९०) टॅपेटममध्येच आरएनए फोडणारं बार्नेज हे विकर सोडून टॅपेटम मारतात, आणि त्याला तणनाशक-सहनशीलतेचं जनुक जोडलेलं असल्याने सुपीक झाडं फवारणीने काढता येतात.

मोहर

शेवटचा प्रश्न. तापमान-संवेदनशील ओळीत (उष्णतेत नरवंध्य, थंडीत सुपीक) पिशवीतही थोडे दाणे भरले. भेसळ समजायची का?

बीजगुणन

लगेच नाही. भेसळ असेल तर काही झाडं पूर्ण भरलेली आणि बाकी पूर्ण रिकामी दिसतील. सगळ्याच झाडांत थोडेथोडे दाणे असतील तर तापमान पाहा. निसवण्याच्या तारखेपासून मागे मोजत १० ते २० दिवसांमागची रोजची नोंद काढा. त्या काळात काही दिवस तापमान त्या ओळीच्या मर्यादेखाली गेलं असेल तर अर्धवट सुपीकता परत येते. मुख्य लोंबी रिकामी आणि मागून आलेल्या फुटव्याची भरलेली, किंवा उलट, असं असेल तर शंका उरत नाही, कारण दोघांचा नाजूक काळ वेगवेगळ्या दिवशी आला. त्या प्लॉटमधलं बियाणं संकरित म्हणून घेऊ नका. पूर्ण वंध्य राहिलेली झाडं मात्र खुणा करून ठेवा, कापून खोडवा घ्या आणि तो थंड जागी वाढवा. तिथे त्यांना स्वतःचं बी धरेल, आणि पुढची ओळ त्यातून निवडा.